नदीला पाणी परत द्यायचंय पण शेतकरी उठवायचा नाहीये, तर सुरुवात कुठून करायची

समजा तुम्ही पाणी वापर संस्थेवर आहात, किंवा खोऱ्याच्या एखाद्या समितीवर घेतलंय तुम्हाला, किंवा पाटबंधारे खात्यातच नोकरीला आहात आणि वरून कागद आलाय की नदीतून उपसा फार होतोय, इतकं इतकं पाणी कमी करा. आणि समोर हजारभर खातेदार बसलेत, ज्यांचं कर्ज, पोरांची शिक्षणं, जनावरं सगळं त्याच पाण्यावर चाललंय. नदी आटली की शेवटी पाटालाही पाणी येत नाही हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको, आणि पाणी तोडलं की गाव बसतं हे खात्यातल्या माणसालाही माहीत असतं. भांडण पेटतं ते कसं करायचं यावरून.

माझं मत आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गाव मोडतं ते पाणी कमी झालं म्हणून कमी, आणि ते कुठून, कोणत्या क्रमानं आणि किती घाईत काढलं म्हणून जास्त. त्यामुळं ही गाइड सगळी क्रमाबद्दल आहे असं समजा.

क्रम चुकला की काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात दिसलं. देशाच्या साधारण 14 टक्के जमिनीवर पसरलेलं हे खोरं, चार राज्यांतून जातं, आणि उपसा इतका वाढलेला की 1995 ला त्यावर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, लावावी लागली. मग वर्षानुवर्षांचा दुष्काळ, मग 2007 चा वॉटर ॲक्ट, आणि ऑक्टोबर 2010 मध्ये खोऱ्याच्या प्राधिकरणानं एक जाडजूड मार्गदर्शिका काढली की वर्षाला 3000 ते 4000 दलघमी पाणी वापरातून काढून नदीला द्यावं लागेल (दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर; त्यांचं एक गिगालिटर म्हणजे आपलं एक दलघमीच, आकडा बदलायची गरज नाही). ग्रिफिथ गावात सभा लावली तर लोकांनी त्या मार्गदर्शिकेच्या प्रतीच पेटवून दिल्या. कारण साधं होतं, आकडा आधी आला आणि माणसं नंतर. शेवटी 2012 मध्ये योजना झाली ती 2750 दलघमीची, म्हणजे जवळपास 97 टीएमसी, आणि त्यातलं उरलेलं पाणी कसं मिळवायचं यावर अजून वाद चालूच आहेत.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीचं. 2001 च्या दुष्काळात माशांसाठी म्हणून ऐन हंगामाच्या तोंडावर सिंचनाचं पाणी जवळजवळ बंद केलं, शेतकरी इतके चिडले की त्यांनी कालव्याचं गेट जबरदस्तीनं उघडलं. पुढच्या वर्षी पाणी शेतीकडं वळवलं, तर सप्टेंबर 2002 मध्ये नदीच्या खालच्या भागात हजारो सॅमन मासे मरून पडले आणि त्या माशांवर जगणारे आदिवासी समाज उठले. एका वर्षी शेतकरी बुडाला, दुसऱ्या वर्षी कोळी. हा झोका टाळायचाय आपल्याला.

आधी मोजा, आणि चारचौघांसमोर मोजा

पहिलं काम म्हणजे हिशेब. आणि ऑफिसातल्या कागदावरचा नाही, कारण कागदावरचं डिझाइन डिस्चार्ज (कालवा बांधताना धरलेला प्रवाह) आणि चारीतलं, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यातलं, खरं पाणी यांची गाठ क्वचितच पडते. मीटर लावायला पैसे नसतील तर नसू देत, बाटलीनं सुरुवात करा. खरंच.

कालव्याचा सरळ, एकसारख्या रुंदीचा 20 मीटरचा तुकडा निवडा, दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधा. प्लास्टिकची बाटली अर्धी पाण्यानं भरून बूच लावा म्हणजे ती निम्मी बुडून चालते, वाऱ्यानं उडत नाही. वरच्या दोरीच्या थोडं अलीकडं सोडा, पहिली दोरी ओलांडली की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू, दुसरी ओलांडली की बंद. चार-पाच वेळा करा, सरासरी काढा, काठाला अडकलेली फेरी धरू नका. समजा 40 सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण हा वरच्या थराचा वेग, तळाला पाणी हळू चालतं, म्हणून 0.85 नं गुणा, आलं 0.425. पाण्याची रुंदी दीड मीटर आणि सरासरी खोली 60 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 0.9 चौरस मीटर, गुणाकार केला की सेकंदाला साधारण 382 लिटर. क्युसेकमध्ये हवं असेल तर 28.3 नं भागा, साडेतेरा.

हे झालं हेडला, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीला. आता गाडीवर बसा आणि हेच टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, जाऊन करा, त्याच दिवशी. तिथं समजा आले 127 लिटर. आणि मधल्या सगळ्या दारांवर मिळून हिशेबात 150 दिसतायत. म्हणजे सेकंदाला 105 लिटरचा पत्ता नाही.

इथं एक गोष्ट पाळा, लगेच "चोरी" हा शब्द काढू नका. त्या 105 मध्ये फुटलेलं अस्तर असेल, न मिटणारं दार असेल, बाटलीच्या मापातली चूकही असेल (या पद्धतीत दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं होतंच), आणि हो, रात्रीची मोटरही असेल. पण हेडचे दोघं आणि टेलचे दोघं काठावर उभे राहून तो आकडा एकत्र बघतात ना, त्यानंतरची मीटिंग पूर्ण वेगळी होते. मी अशा एका मोजणीला होतो, टेलचा एक म्हातारा वीस वर्षं अर्ज करत होता की आमच्याकडं पाणी येत नाही, आणि हेडवाला दरवेळी म्हणायचा की तुमची चारी नीट नाही. त्या दिवशी हेडवाल्यानंच स्टॉपवॉच धरलेलं. काही बोलला नाही तो, वही मागून घेतली आणि आकडे परत एकदा स्वतः मांडून बघितले.

लहान चारीला व्ही-नॉच लावता आली तर उत्तम. 90 अंशाचा कोन कापलेला पत्रा, आडवा घट्ट बसवायचा, कोनाच्या टोकापासून वर पाण्याची उंची मोजायची, पण उंची पत्र्याच्या अगदी जवळ नाही, थोडी मागं जिथं पाणी संथ आहे तिथं मोजायची. 20 सेंटिमीटर उंची असेल तर सेकंदाला साधारण 25 लिटर. 10 सेंटिमीटरला मात्र त्याच्या निम्मं नाही, साडेचारच्या आसपास, हे लोकांना समजावून सांगा नाहीतर पट्टीवर निम्मं दिसतंय म्हणून निम्मं पाणी मिळालं असं धरून बसतात आणि मग भांडणं.

विहिरी आणि बोअरही याच वेळी मोजा. नदीचं पाणी कमी केलं की लोक जमिनीतून उपसणार, तेही बऱ्याचदा त्याच नदीचं पाणी असतं, फक्त खालून आलेलं. कॅलिफोर्नियात भूजलासाठी राज्याचा कायदा यायला 2014 उजाडलं, तोवर नदीचं पाणी कायद्यात आणि जमिनीखालचं बहुतेक ठिकाणी ज्याचं त्याचं. एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशात ठेवण्यासारखं झालं ते.

"गळती थांबवू, कोणाला काही सोडावं लागणार नाही" असं कुणी म्हणालं तर

हे सगळ्यात गोड वाक्य आहे आणि सगळ्यात जास्त फसवतं, म्हणून इथं जरा थांबतो.

एक शेतकरी पाटातून 100 एकक पाणी घेतो समजा. पिकानं प्यायलं 60, वाफ होऊन गेलं 5, उरलेलं 35 झिरपून विहिरीत नाहीतर ओढ्यातून परत नदीत. कागदावर कार्यक्षमता 60 टक्के, वाईट दिसते. मग सबसिडी देऊन ड्रिप बसवलं. आता तेवढ्याच पिकाला 70 पुरतं, आणि उरलेल्या 30 मध्ये त्यानं नवीन तुकडा ओलिताखाली आणला, का आणू नये, त्याची जमीन आहे. आता 100 पैकी 93 पीक पितं आणि वाफ होतं, परत येतं 7. आधी 35 परत यायचं, आता 7. म्हणजे पैसे खर्चून नदीचं 28 एकक पाणी कमी केलं आपण, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की बचत झाली.

मी ड्रिपच्या विरोधात नाहीये, उलट मजुरी, खत, पिकाचा दर्जा सगळ्यात फायदा आहे. पण नदीला पाणी मिळावं म्हणून ड्रिपला पैसे देत असाल तर दोन अटी आधी लिहून घ्या: वाचलेल्या पाण्याचा ठरलेला हिस्सा हक्कातून कमी होईल, आणि ओलिताचं क्षेत्र वाढणार नाही. या अटी नसतील तर ती शेतीची योजना म्हणा, चांगली आहे, नदीची म्हणू नका.

कालव्याच्या अस्तराचंही तेच. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या ऑल-अमेरिकन कालव्याला अस्तर केलं, 2009 पर्यंत काम संपलं, वर्षाला 67,000 एकर-फुटांवर (एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं) पाणी वाचलं. पण ती गळती कुठं जात होती? सीमेपलीकडं मेक्सिकाली खोऱ्यातल्या विहिरींना. तिथले शेतकरी कित्येक वर्षं त्याच झिरप्यावर शेती करत होते. त्यामुळं अस्तराचा ठराव करण्याआधी एक प्रश्न विचारायचाच, की हे गळणारं पाणी आज कोणाच्या विहिरीत जातंय. कालव्याच्या खालच्या अंगाला दहा-वीस विहिरींची पाणीपातळी कालवा चालू असताना आणि बंद असताना मोजली की उत्तर मिळतं, त्याला मोठा अभ्यास लागत नाही. खरं वाया जाणारं पाणी म्हणजे खाऱ्या जमिनीत मुरणारं, उघड्यावरून उडून जाणारं, तणं पिणारं. ते आधी धरा.

हक्क आकड्यात नको, वाट्यात लिहा

1922 ला अमेरिकेत कोलोराडो नदीचा करार झाला, वरच्या खोऱ्याला 75 लाख एकर-फूट आणि खालच्याला 75 लाख. आकडे ज्या वर्षांवरून काढले ती वर्षं नेमकी भरपूर पाण्याची होती. नदीत एवढं पाणी नेहमी नसतंच, पण करारात आकडा आहे, आणि ते निस्तरणं शंभर वर्षांनंतरही चालूच आहे. आकडा लिहिला की माणूस त्याला धरून बसतो, त्याच्यावर कर्ज काढतो, फळबाग लावतो. वाटा लिहिला, की धरणात किंवा नदीत जे येईल त्याचा इतके टक्के, तर कमी वर्षी सगळ्यांचं कमी होतं आणि त्यात अन्याय वाटत नाही.

वाटा कशावर काढायचा याची मात्र एकच पद्धत नाही. पंजाब-हरियाणाकडं आणि पाकिस्तानात वारबंदी आहे, आठवड्याचे 168 तास जमिनीच्या प्रमाणात वाटून टाकायचे, पाणी कमी असो जास्त असो, तुझा वेळ ठरलेला. फार सोपं, अनपढ माणसालाही तपासता येतं, पण ज्याची जमीन जास्त त्याचं पाणी जास्त. विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीनं पुरंदरच्या दुष्काळी भागात उलटं केलं, पाणी जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर, ऊस लावायचा नाही, भूमिहीनालाही हक्क, आणि जमीन विकली तरी पाणी तिच्यासोबत जाणार नाही. दक्षिण आफ्रिकेनं 1998 च्या कायद्यात अजून वेगळं केलं, माणसांच्या मूलभूत गरजेचं आणि नदीच्या स्वतःच्या गरजेचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेलं वाटायचं.

तुमच्याकडं काय चालेल ते तुम्ही ठरवा, पण फळबागवाला आणि हंगामी पिकवाला यांना एकाच नियमात कोंबू नका. हंगामी पीक एक वर्ष सोडता येतं, झाड सोडता येत नाही. मरे-डार्लिंगमध्ये काही राज्यांत हक्काचे दोन वर्ग आहेत, एक जास्त भरवशाचा, कोरड्या वर्षीही बहुतेक मिळतो पण महाग, आणि दुसरा साधा, जो कमी वर्षी अगदी शून्यावरही येऊ शकतो. बागवाले पहिला धरून ठेवतात, भातवाले दुसऱ्यावर चालतात. ही सोय चांगली आहे.

आणि नदीला पण खातेदार करा. ही मला सगळ्यात पटलेली गोष्ट. ऑस्ट्रेलियात नदीसाठी घेतलेलं पाणी एका सरकारी पदाच्या नावावर हक्क म्हणून आहे, शेजारच्या शेतकऱ्याकडं आहे तसाच हक्क, त्याच अटी, तशीच फी, आणि ॲलोकेशन, म्हणजे त्या वर्षी हक्कातलं किती पाणी मिळणार ते, 40 टक्के जाहीर झालं तर नदीलाही 40 टक्केच. शेतकऱ्याला दिसतं की दुष्काळात नदी आपल्या ताटातलं ओढत नाहीये, आपल्याच पंगतीत बसलीये. "पर्यावरणासाठी राखीव" असं धुक्यातलं काही लिहिलं की मग संशय, की हे पाणी नक्की जातं कुठं.

नदीला पाणी देताना वर्षाचा एकूण आकडा गाठण्यापेक्षा वेळ बघा. बारीक धार वर्षभर सोडण्यापेक्षा पावसाच्या नैसर्गिक पुरावर अजून थोडं पाणी चढवलं तर ते काठावरच्या पाणथळीपर्यंत पोचतं, माशांना वर सरकता येतं, आणि नेमकं तेव्हा शेताला पाण्याची गरजही कमी असते. तेच पाणी, पण कोणाची पाळी चुकत नाही. आवर्तनाचं वेळापत्रक आणि नदीचं वेळापत्रक एकाच कागदावर मांडा, निम्मी भांडणं तिथंच कमी होतात.

पाणी विकत घ्यायचं असेल तर कुठून घ्यायचं

विकणारा स्वखुशीनं विकतोय, सरकार पैसे देतंय, मग तक्रार कशाची, असं वरून वाटतं. चारीवर उतरून बघा.

एका चारीवर 60 खातेदार. दुरुस्ती, गाळ काढणं, पाटकऱ्याचा पगार हा सगळा खर्च 60 जणांत वाटला जातो. त्यातल्या 18 जणांनी पाणी विकलं, इथं दोन, तिथं तीन, मध्येच एक. चारीची लांबी तेवढीच राहिली, झिरपा तेवढाच, दारं तेवढीच. खर्च आता 42 जणांत, म्हणजे प्रत्येकाचा 43 टक्क्यांनी वाढला, पाणी न विकता. मग पुढच्या वर्षी त्यातले अजून पाच विकतात, कारण परवडत नाही, आणि मग उरलेल्यांचा अजून वाढतो. वाळवी लागल्यासारखं होतं. शेवटी ज्याला मनापासून शेती करायची होती तोच सगळ्यात जास्त भरतो.

म्हणून विखुरलेली खरेदी टाळा. चारीनिहाय प्रस्ताव मागवा, एखाद्या शाखेवरची जमीन खारवट किंवा पाणथळ झालीये, तिथले बहुतेक लोक तयार आहेत, तर ती पूर्ण शाखा बंद करा, तिथल्या न विकणाऱ्या दोन-तीन जणांना चालू चारीवर जागा द्या नाहीतर विहिरीसाठी मदत करा, आणि ती शाखा देखभालीतून काढून टाका. सोडून जाणाऱ्यानं थोडं मागं ठेवून जावं हेही बरोबर आहे, ऑस्ट्रेलियात सिंचन कंपनीला अशी फी घेता येते, वार्षिक फीच्या जास्तीत जास्त 10 पट. नाहीतर मागं राहिलेल्यांवर सगळं पडतं.

कायमची खरेदी हा एकमेव मार्गही नाही. कोरड्या वर्षापुरता करार करता येतो, की धरण अमुक पातळीच्या खाली गेलं तर मी या हंगामाला पीक घेणार नाही, त्या बदल्यात इतकी भरपाई, आणि दरवर्षी करार ठेवल्याबद्दल थोडी रक्कम वेगळी. शेतकरी शेतकरी राहतो, नदीला गरजेच्या वर्षी पाणी मिळतं. फक्त भरपाई पेरणीच्या आधी ठरली पाहिजे, बियाणं घेऊन झाल्यावर कळवून उपयोग नाही.

आणि पैसे कोणाला मिळतात ते बघा. हक्क विकणाऱ्याला मिळतात. त्याच्या शेतावर खुरपणीला जाणाऱ्या बाईला नाही, मोटर बांधणाऱ्याला नाही, ट्रॅक्टरवाल्याला नाही, जिनिंगमधल्या हमालाला नाही. विकणारा पैसे घेऊन शहरात जाऊ शकतो, मजूर गावातच राहतो आणि त्याचं काम जातं. त्यामुळं खरेदीच्या बजेटमधला एक हिस्सा गावासाठी वेगळा काढा आणि तो आधी खर्च करा, खरेदीनंतर दोन वर्षांनी समिती नेमून नाही. किती हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळा, पण शून्य हे उत्तर नक्की चूक.

मीटिंग

थोडक्यात सांगतो, कारण हे बहुतेकांना माहीत असतं आणि तरी करत नाहीत. पहिली मीटिंग टेलच्या गावात घ्या. पेरणी-कापणीच्या दिवसांत नको, संध्याकाळी घ्या. हेडचे लोक आपोआप येतात, त्यांना काळजी असतेच. नकाशा भिंतीवर लावू नका, जमिनीवर पसरा, लोक त्याच्याभोवती बसतात आणि बोट ठेवून बोलतात, "इथं नाही हो, दार इथं आहे". नदीच्या खालच्या अंगाचे लोक, मासेमार, गुरं पाजणारे, पिण्याच्या पाण्यासाठी नदीवर असलेली गावं, यांना त्याच सभेत बसवा, वेगळी सभा घेऊन नाही. डार्लिंग नदीवर मेनिंडी इथं 2018-19 च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा मार्च 2023 मध्ये माशांचे खच पडले, तिथल्या लोकांचं म्हणणं वरच्या कापूसवाल्यांनी समोरासमोर ऐकलं असतं तर फरक पडला असता की नाही माहीत नाही, पण बातम्यांतून ऐकण्यापेक्षा बरं.

आणि आकडा घेऊन जाऊ नका. मोजणीची वही घेऊन जा. "इतकं येतं, इतकं जातं, नदीत शेवटी इतकं उरतं, तुम्ही सांगा कुठून काढायचं." दोन-तीन सभांत लोकच आकडे बोलायला लागतात, आणि बऱ्याचदा ते तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा फार लांब नसतात.

नियम मोडणाऱ्याचं काय

ज्यानं प्रामाणिकपणे कपात सोसली त्याला शेजारची मोटर रात्री ऐकू आली की सगळी सुधारणा त्या रात्री संपली. 2017 मध्ये मरे-डार्लिंगच्या उत्तर भागात नदीसाठी असलेलं पाणी काही जण उपसतायत असे आरोप टीव्हीवर आले, मग चौकशा, मग नवे नियम, आणि 2021 मध्ये पाण्यासाठी स्वतंत्र इन्स्पेक्टर-जनरल. योजना 2012 ची आणि पहारेकरी 2021 चा, म्हणजे नऊ वर्षं उशीर. तुम्ही पहारेकरी आधी नेमा.

तो शक्यतो लोकांनी नेमलेला आणि लोकांनी पगार दिलेला असावा. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनीच मिळून वाटायच्या पद्धतीत, पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसं होती, प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं. स्पेनमध्ये वॅलेन्सियाला शेतकऱ्यांनी निवडलेलं पाण्याचं न्यायालय दर गुरुवारी दुपारी 12 ला कॅथेड्रलच्या दाराशी बसतं, वकील नाही, कागद नाही, तोंडी ऐकायचं आणि तिथंच निकाल, शतकानुशतकं चालू आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी, आणि त्यांचं एक निरीक्षण व्यवहारात फार उपयोगी पडतं, शिक्षा पायरीपायरीनं वाढणारी असावी. पहिल्यांदा नुसतं बोलावून सांगायचं, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा पाळी बंद. पहिल्याच चुकीला पोलीस केस केली की शेजारी साक्ष देत नाहीत, आणि काहीच केलं नाही की सगळेच करतात. दंड वसूल झाला की नाव आणि रक्कम बोर्डावर लावा. मोठ्या खातेदाराचं नाव पहिल्यांदा लागू द्या, जमलं तर.

किती वेळ द्यायचा

कपात एका फटक्यात नको, पण "हळूहळू" असंही मोघम नको. पाच वर्षं घ्या, दरवर्षीचा टप्पा आधीच छापा, आणि मधे तिसऱ्या वर्षी थांबून तपासणी. शेतकऱ्याला बाग काढायची, पीक बदलायचं, कर्ज फेडायचं याला हंगाम लागतात, आठवडे नाही. उलट तारखा सारख्या पुढं ढकलल्या तरी वाईट, कारण ज्यानं विश्वास ठेवून लवकर बदल केला तो मूर्ख ठरतो. मरे-डार्लिंगमध्ये 2024 ची मुदत होती ती 2023 च्या कायद्यानं पुढं गेली, आणि खरेदीवर 2015 ला घातलेली मर्यादा त्याच कायद्यानं उठवली. एकदा मर्यादा, एकदा नाही, मग माणसानं नांगर धरायचा की अर्ज भरायचा.

नाशिकच्या वाघाड प्रकल्पावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्थांची सुरुवात टेलच्या भागातून झाली, पुढं संस्था वाढत वाढत प्रकल्पभर पोचल्या. टेलवाल्याकडं गमवायला काही नसतं म्हणून तो आधी तयार होतो, आणि त्याला पाणी मिळालेलं दिसलं की मधले येतात. तुम्हालाही सगळ्या खोऱ्यात एकदम काही करायला जाऊ नका असंच सांगेन, एक शाखा घ्या, तिच्या शेवटच्या दारापासून.

पहिल्या वर्षी फक्त एवढं: दर आवर्तनाला हेड आणि टेल, ठरलेल्या दोन दोऱ्या, तीच बाटली, त्याच चौघांच्या सह्या. ओढा नदीला मिळतो तिथं एक पट्टी रोवा आणि रोज सकाळी शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराला आकडा लिहायला सांगा, पोरं कामात चुकत नाहीत. विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर. कोणाचं पाणी एक थेंबही कमी करू नका. वर्षअखेरीला वही झेरॉक्स करून प्रत्येक खातेदाराला द्या आणि पुढची मीटिंग त्यानंतर पंधरा दिवसांनी ठेवा, वाचायला वेळ लागतो लोकांना, आणि काहीजण स्वतः जाऊन मोजून येतात.